खाली ठेवण्याची रीत

वर्ध्याला लागून असलेल्या बोरगाव मेघेत मी ज्या घराच्या माडीवर बरीच वर्षं भाड्याने राहिलो, त्या घरमालकांनी पहिल्या दिवशी मला जात विचारली नाही, पगार विचारला नाही, वर अंडी शिजणार का हेही विचारलं नाही. मी टेम्पोतून सामान उतरवत होतो आणि ते अंगणात माझ्याकडे पाठ करून, पेरूच्या झाडाकडे तोंड करून उभे होते. मला वाटलं, गृहस्थ झाड पाहताहेत. ते ऐकत होते. पुस्तकांची खोकी एकेक करून वर नेली आणि शेवटी घाम पुसत खाली आलो, तेव्हा ते वळले आणि म्हणाले, "पुस्तकं हळू ठेवली तुमी. राहा."

माझ्याआधी एक जण आला होता. बँकेतली नोकरी, नाकासमोर चालणारा माणूस. त्याने पलंग वर नेला आणि ठेवताना आपटला. पलंग आणि तो, दोघेही त्याच टेम्पोतून परत गेले.

जागा पक्की झाल्यावर त्यांनी माझं मनगट धरलं. हात मिळवण्याची त्यांची तीच पद्धत होती. आधी अंगठा मनगटाला लपेटला, मग त्या अंगठ्यावर बाकीची बोटं आवळली. वजन उचलणारे लोखंडी बार असाच धरतात, हे मला पुढे कळलं. अंगठा बोटांच्या आत दाबून टाकायचा. अंगठ्याला दुखतं, पण बार सुटत नाही. माझ्या मनगटावर दोन दिवस निळसर कडं होतं. भाडेकरारावर शिक्का असतो, तो मला अंगावर मिळाला, एवढंच मी समजलो.

काका, म्हणजे हे घरमालक, बुटके आणि रुंद होते. मान नावाचा भाग त्यांना जवळजवळ नव्हता, आणि शर्टाची वरची गुंडी त्यांच्या आयुष्यात कधी लागली नसावी. नोकरी पाटबंधाऱ्याच्या कचेरीत झाली होती. तिथे फायली टेबलावर ठेवण्याचीही त्यांची ख्याती होती म्हणे. साहेब डुलकी घेत असले तर जागे होत नसत. निवृत्त झाल्यावर दिवसभर घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये असत. शेडमध्ये एक बार, प्लेटा, लाकडी फळ्यांचा ओटा आणि एक बाक होता. पाटी नव्हती, आरसाही नव्हता. "आरशात पायनाऱ्याचं वजनाकडं ध्यान नसते," ते म्हणत. हल्लीच्या मुलांना आरशाविना व्यायाम म्हणजे मूर्तीविना देऊळ. मुलांनी त्यावर मोबाइलच्या कॅमेऱ्यात पाहण्याचा उपाय काढला, तेव्हा काकांनी दाराशी एक स्टीलचा डबा ठेवला. मोबाइल त्यात ठेवायचा. तोही हळू.

भिंतीवर लाल रंगात एकच वाक्य होतं: 'ठेवता येत नसेल तर उचलू नका.' त्याखाली रंगाऱ्याने स्वतःच्या मनाने जबडा पसरलेला वाघ काढला होता. वाघाचा मजकुराशी काही संबंध नव्हता. रंगारी बोर धरणाच्या जंगलाकडचा होता आणि त्याला वाघ चांगला येत होता, इतकंच. भिंतीवर लिहिलेल्या वाक्यांवर माझा विश्वास नाही. आमच्या कॉलेजच्या व्हरांड्यात अशी वाक्यं रांगेने आहेत आणि मुलं त्यांना टेकून चकाट्या पिटतात. पण हे वाक्य तिथे खरोखर चालत होतं. माझ्या खिडकीखाली सकाळी दहा-बारा तरुण शेकड्याने किलो वर-खाली करत आणि मला फक्त त्यांचे श्वास ऐकू येत. लोखंड डोक्यावर न्यायचं, छातीवर घ्यायचं, मांडीवर उतरवायचं आणि मग निजलेलं मूल ठेवावं तसं फळ्यांवर ठेवायचं. ज्याच्या हातून खण्ण झालं, त्याने तेच वजन परत उचलून परत ठेवायचं.

एकदा हनुमान जयंतीला एक पुढारी शेडला नव्या प्लेटा भेट देण्याची घोषणा करायला आले. प्लेटा मागून येणार होत्या; आधी फोटो. नेत्यांनी कमरेत वाकून बार गुडघ्यापर्यंत आणला, फोटो झाला, आणि त्यांनी तो सोडून दिला. पत्रे थरथरले.

"साहेब, आता ठेवा," काका म्हणाले.

"ठेवला ना."

"टाकला तुमी. ठेवा."

नेते हसले आणि कोणी सोबतीला हसतं का ते पाहिलं. कार्यकर्ते वाघाकडे पाहत होते. शेवटी नेते पुन्हा वाकले, बार उचलला आणि चेहरा जांभळा करत इंचाइंचाने खाली नेला. काकांनी कान तिरका केला. "हं," ते म्हणाले, "आता नारळ फोडा. बाहेर."

प्लेटा अर्थातच आल्या नाहीत.

हळू ठेवण्याचा हा नियम काकांचा स्वतःचा नव्हता. काकूंचा होता. काकू हिंगणीच्या. जंगलाच्या कडेला वाढलेल्या, त्यामुळे अचानक झालेला आवाज त्यांना निरर्थक वाटत नसे. काहीतरी पडलं, काहीतरी आलं, असंच वाटे. लग्न होऊन आल्या तेव्हा नवऱ्याने न्हाणीघराशेजारी लोखंड मांडलेलं होतं. प्रत्येक आपटीला त्या पोळपाट सोडून दाराशी येत आणि विचारत, "काय पडलं जी?" नवरा म्हणे, "काई नाई पडलं." शेवटी नवऱ्याला त्या प्रश्नाचा कंटाळा आला की बायकोची कणव आली, ते माहीत नाही, पण त्याने आवाज न करता ठेवायचं शिकायला घेतलं. "उचलते कोनीबी," ते मला सांगत. "ठेवनं कठीन. माझी पाठ शाबूत राह्यली ती हिच्यापायी." त्यांना मूलबाळ नव्हतं. त्या घरात बोलणंही बेताचं. पण कपबशी जरा वाजली तरी आतून प्रश्न येई, "काय पडलं जी?" आणि शेडमधून उत्तर जाई, "काई नाई पडलं." वर बसून मी हा संवाद इतक्या वेळा ऐकला की घड्याळाच्या टोल्यासारखा तो माझ्या लक्षात येईनासा झाला.

लक्षात आला तो थांबल्यावर.

काकू मला एका संध्याकाळी फाटकाशी भेटल्या. हातात कापडी पिशवी, पिशवीत घडी केलेलं लुगडं आणि एक पेला. "मास्तर," त्या म्हणाल्या, "हिंगणीची गाडी गेली का?" मला वाटलं, माहेरी निघाल्या. दुसऱ्या संध्याकाळीही त्यांनी तेच विचारलं. तिसऱ्या दिवशी मला मास्तर म्हटलं नाही, वाटेवरच्या परक्या माणसाला म्हणावं तसं नुसतंच, "अवं बावाजी, गाडी गेली का?" डॉक्टरांनी विस्मरणाचा आजार सांगितला आणि तो कुठे जाणार तेही सांगितलं. दिवसा त्या बऱ्या असत. तांदूळ निवडत, स्वयंपाकाच्या बाईला रागावत. दिवेलागण झाली की मात्र हे घर परक्याचं होई आणि त्यांना अंधार पडायच्या आत आईकडे पोचायचं असे. आई जाऊन जमाना झाला होता.

फाटकाबाहेर मोठा रस्ता, त्यावर ट्रक. काका त्यांना फाटकाशी गाठत आणि धरत. धरण्याची त्यांना एकच रीत येत होती.

काकूंच्या मनगटांवरचे निळे डाग पहिल्यांदा दिसले ते स्वयंपाकाच्या बाईला. बाईंकडून ते गल्लीला दिसले. समोरच्या बाईंनी मला गाठून विचारलं, "मास्तर, तुमी वरतं राहाता. तुमाले आवाज येत असन."

"कसला?"

"मारल्याचा."

मी म्हटलं, त्या घरातून कसलाच आवाज येत नाही.

"तेच तं," त्या म्हणाल्या. "तोंड दाबून मारत असन."



पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, पाडव्याला, काकूंचा धाकटा भाऊ हिंगणीहून आला. वनरक्षक म्हणून निवृत्त झालेला, वाळक्या अंगाचा, जाड काचांचा चष्मा. बहिणीसाठी पानात बांधून करंज्या आणल्या होत्या. तिच्या हातावर ठेवायला गेला आणि तिचा हात त्याने तसाच उलटा करून उजेडाकडे नेला. मी ओसरीवर चहा घेत होतो. उठून जावं की बसावं ते मला कळेना.

"भाऊजी," तो म्हणाला, "जंगलात मी ठसा पाहून जनावर सांगत होतो. हा ठसा तुमचा हाय."

"धरलं होतं. रस्त्यावर जाऊन राह्यली होती."

"धरलं होतं का आवळलं होतं?"

 खोटं बोलायला लागणारा चपळपणा काकांकडे नव्हता.

"मले तुमच्यावर भरोसा हाय," भाऊ म्हणाला. "पन हाताले नाई. भाऊबिजेले येतो. तवा जर असा ठसा दिसला, तं मी तिले हिंगणीले घेऊन जाईन. तिची तं तशीबी तीच जिद्द हाय."

तो गेल्यावर काकांनी कपबश्या उचलून आत नेल्या. परत येऊन म्हणाले, "ही गेली तं मंग मी कोनासाठी हळू ठेवू, मास्तर?" 

त्या आठवड्यात त्यांनी सुचेल ते केलं. स्वतःच्या हातांना टॉवेल गुंडाळून पाहिले. थंडीतले लोकरी हातमोजे घातले. ते हात पाहून काकू घाबरल्या आणि अस्वल आलं म्हणून कोपऱ्यात बसल्या. फाटकाला कुलूप घातलं. काकूंनी फाटक इतकं हलवलं की तळवे सोलले आणि त्या रडत राहिल्या. कुलूप त्याच संध्याकाळी निघालं.

मग शेडमधला एक जण सहज बोलून गेला की त्याची बहीण शाळेत ज्युदो शिकते. "पोट्ट्या एकमेकीले उचलून आपटते काका, पन कोनाले लागत नाई."

काका प्लेट पुसत होते. "लागत नाई?"

"डागबी पडत नाई."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला हाक मारली. "मास्तर, चाला जरा. तिथं सगळ्या पोरी हाय. सोबत शिकलेला मानूस असला तं बरं दिसते." मी कॉलेजात अर्थशास्त्र शिकवतो; त्याचा असा उपयोग मला नोकरीभर कोणी सांगितला नव्हता.

शेडमध्ये मात्र खळबळ उडाली. काका फाइट शिकून राह्यले, ही बातमी आधी, आणि साळ्याशी मुकाबला हाय, ही तिच्यामागे. त्याहून मोठा वाद वेळापत्रकाचा. लोखंडात ज्युदो मिसळावा की नाही, यावर आमच्या बोरगावात तेव्हा जेवढी चर्चा झाली तेवढी पालिकेच्या पाण्यावर होत नाही. एकाचं मत, पायांच्या व्यायामाच्या दिवशी ज्युदो केला तर गुडघे गेलेच समजा. दुसऱ्याने कुठल्याशा परदेशी तज्ज्ञाचा व्हिडिओ पाहिला होता, त्यात आठवड्याचे रंगीत चौकोन होते. तिसरा म्हणाला, "पन्नाशीनंतर एकच कराव, नाईतं हार्ट बसते." काकांनी सगळ्यांचं ऐकून घेतलं. मुलींचा वर्ग सकाळी शाळेआधी असे, आणि संध्याकाळी काकांना घरी असणं भाग होतं. म्हणून उभ्या जन्माची सकाळची वेळ सोडून त्यांनी लोखंड दुपारी नेलं. वर्ध्याची ऑक्टोबरची दुपार आणि वर पत्रा. त्या वेळी बारला हात लावायचा तर आधी ओलं फडकं फिरवावं लागे. मुलं हळूहळू यायची बंद झाली.

ज्युदो शिकवणाऱ्या बाई तिशीच्या, चणीने लहान, गळ्यात शिट्टी. कारंजाकडच्या एका गोंड कुटुंबातल्या; फोनवर आईशी ज्या भाषेत बोलत, तिचं मला एक अक्षर कळत नसे. स्वभाव तिखट. काकांना त्यांनी पायापासून वर पाहिलं, जसं आपण अरुंद दारातून न्यायचं कपाट पाहतो.

"पडा काका," त्या म्हणाल्या.

"काऊन?"

"इथं पयले पडाच लागते."

"मले पडाचं नाई. मले फक्त धराचं शिकाचं हाय."

"ज्याले पडता येत नाई त्याले मी कोनाले धरू देत नाई. पडा."

काका गादीवर उभे राहिले. आजूबाजूला दहा-बारा वर्षांच्या मुली बदाबदा पडत होत्या आणि उठत होत्या. काकांनी गुडघे वाकवले, कंबर खाली नेली, एक हात टेकला, मग बूड टेकलं, मग पाठ. सगळं अंग त्यांनी तिळभरही आवाज न होऊ देता गादीवर उतरवलं आणि छताकडे पाहत राहिले. मुली खुदखुदल्या.

"हे पडनं नाई," बाई म्हणाल्या. "हे ठेवनं झालं. पडताना हात गादीवर मारा. आवाज झाला पायजे. जितका मोठा आवाज, तितकं कमी लागते."

काकांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. ज्या एका गोष्टीवर त्यांचं सगळं शिक्षण उभं होतं, ती उलटी करून एका शिट्टीवाल्या मुलीने त्यांच्यापुढे ठेवली होती. त्यांनी हात उचलला आणि गादीवर ठेवला. पुन्हा उचलला, पुन्हा ठेवला. त्या दिवशी आवाज काही झाला नाही. परतताना ते स्कूटरवर माझ्या मागे बसून म्हणाले, "आपटाची लाज वाटते."

आवाज यायला पुष्कळ दिवस लागले. खांदे लाकडाचे, कंबर वळत नाही. दुपारच्या लोखंडाने अंग आवळायचं आणि सकाळच्या गादीने ते सैल करायचं, असा दोन नोकऱ्यांतला तंटा त्यांच्या शरीरात चालला होता. बाईंनी सांगितलं, "लोखंड बंद करा." काका म्हणाले, "बंद केलं तं मी कोन?" बाई म्हणाल्या, "पोरीहो, रांगेत." या माणसाचं तत्त्वज्ञान ऐकायला त्यांना वेळ नव्हता.

धरायची पाळी आली तेव्हा काकांनी बाईंची अस्तनी धरली. बाई वळल्या, काका गादीवर गेले, आणि अस्तनी शिवणीत उसवून त्यांच्या मुठीतच राहिली. बाईंनी आपल्या दंडाकडे पाहिलं. मग काकांची मूठ हातात घेऊन एकेक बोट उघडलं.

"अंगठा आत काहाले घालता?"

"सुटू नये म्हनून."

"सुटलं तं सुटलं. अंगठा बाहेर काढा. करंगळीनं धरा, बाकी बोटं नुसती टेकवा. समोरचा कुठं चालला हे हाताले समजलं पायजे. आवळलं का हाताले काईच समजत नाई."

काका अंगठ्याकडे पाहत राहिले. मग खाली मान घालून त्यांनी बाईंना सांगून टाकलं, कोणाला धरायचं आहे ते. मुली आपसात भिडल्या होत्या, थापांचा आवाज चालू होता.  बाई सहानुभूतीचं काहीतरी बोलतील असं मला वाटलं. त्या म्हणाल्या, "मंग समोर उभं राहूच नका. समोर उभं राह्यलं का कोनीबी ढकलतेच. बाजूनं चाला. ती जिकडं चालली तिकडंच तुमीबी चाला, तिच्या पावलानं. मंग हळूच वळवा."

दुसऱ्या संध्याकाळी काकू पिशवी घेऊन निघाल्या, तेव्हा काका फाटक उघडून बाजूला झाले. मी वरून पाहत होतो. त्यांनी आपला तळवा काकूंच्या हाताखाली धरला, ताटाखाली हात धरावा तसा. अंगठा बाहेर, हवेत. दोघं रस्त्याकडे निघाली. विजेच्या खांबाशी काकांनी पाऊल किंचित आत घेतलं, दोघं वळली, पिठाच्या गिरणीवरून मागच्या गल्लीत शिरली आणि शेडच्या बाजूने परसदारी आली. "आली हिंगणी," काका म्हणाले. काकूंनी परसातली तुळस पाहिली, आंघोळीचा दगड पाहिला. पिशवी खाली ठेवली.

हे रोज चालू झालं. मनगटांवरचे डाग आधी पिवळे पडले, मग गेले. समोरच्या बाई म्हणाल्या, "पैलवान सुधरला."

फक्त एक गोष्ट होई, जी ज्युदोत शिकवलेली नव्हती. परसदारी पोचल्यावर काकू पदर सावरत आणि काकांना म्हणत, "लय उपकार झाले जी. अंधाराचं सोबत आले. बसा, चहा घेऊन जा." काका बाजेवर टेकत. चहा तेच करून आणत. काकू विचारत, "तुमी कोनाच्या घरचे?" काका कधी एका वाडीचं नाव सांगत, कधी दुसरीचं. स्वतःचं सांगून पाहिलं होतं त्यांनी एकदा. काकूंनी मान हलवली होती. "नाई. ते लय आवळून धरते," त्या म्हणाल्या होत्या.

दिवाळीच्या सुट्टीत मी घरीच होतो. दुपारी पेपर तपासत बसलो होतो आणि खालून असा आवाज आला की शाई सांडली. मी धावत खाली गेलो. शेडमध्ये काका एकटेच उभे होते, हात डोक्यावर, जसे बार पेलताना असतात तसे, आणि बार फळ्यांवर एक फळी मोडून पडला होता. डोक्यावर नेताना अंगठा आत गेलाच नव्हता. हात ज्युदोचं धरणं धरून बसला होता.

"लागलं का?" मी विचारलं.

त्यांनी मला गप्प राहायची खूण केली. त्यांचा कान घराकडे होता. स्वयंपाकघराचं दार उघडं होतं आणि आत काकू पाटावर बसून तांदूळ निवडताना दिसत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

काका वाकले. बार उचलला, छातीपर्यंत आणला आणि मुद्दाम सोडून दिला. पत्रे वाजले, पेरूवरचे पोपट उडाले. समोरच्या बाई अंगणात आल्या. काकूंनी सुपातला एक खडा शोधला, अंगणात फेकला आणि पुढचा शोधायला लागल्या.

बऱ्याच वेळाने काका बाकावर बसले. त्यानंतर त्यांनी बारला हात लावला नाही असं लिहिलं तर ते शोभेल. पण ते खरं नाही. दुसऱ्या दुपारी त्यांनी फळी बदलली, प्लेटा कमी केल्या आणि परत उचलायला लागले. ठेवायचेही हळूच. सवय होती.

भाऊबिजेला वनरक्षक गाडी करून आला. ओवाळायचं ताट काकांनीच तयार केलं होतं. काकूंनी भावाला ओवाळलं. तो कोण हे त्यांना पक्कं ठाऊक होतं, त्याला त्या लहानपणीच्या नावाने हाक मारत होत्या. मग त्याने चष्मा पुसला, बहिणीचे दोन्ही हात उजेडात नेले, उलटेसुलटे केले. कुठे काही नव्हतं.

"साफ हाय," तो म्हणाला.  "भाऊजी, मी चुकीचं बोललो असन तं..."

"नाई. बरोबर बोलले तुमी."

तो जेवला, पान खाल्लं आणि निघाला. उन्हं कलली होती. तो ओसरीवरून उतरला आणि काकू उठल्या. आत जाऊन पिशवी घेऊन आल्या आणि भावाचा दंड धरून उभ्या राहिल्या. त्यांच्या चेहऱ्यावर त्या वेळी रोज असणारी भीती अजिबात नव्हती.

"चाल," त्या भावाला म्हणाल्या. "अंधार व्हायच्या आत जाऊ. हा मानूस चांगला हाय, रोज सोडून देते. पन रोज कोनाले तरास द्यावं?"

भावाने काकांकडे पाहिलं. "मी तं एकटाच जाऊन राह्यलो होतो, भाऊजी. तुमी म्हनसान तसं. समजावून पाहू का?"

काका काकूंच्या बाजूला जाऊन उभे राहिले. समोर नाही. त्यांनी तळवा पुढे केला. काकूंनी त्यावर हात ठेवला, दुसऱ्या हातात भावाचा दंड. तिघं फाटकाकडे निघाली. विजेच्या खांबाशी, जिथे रोज वळायचं, तिथेच गाडी उभी होती. मी पाहत होतो काका पाऊल आत घेतात का. त्यांनी पावलाकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहून म्हणाले, "वळवाले जागाच नाई राह्यली, मास्तर."

त्यांनी काकूंना मागच्या सीटवर बसवलं. आधी पाठ टेकवली, मग पाय आत घेतले, मग पदर. पिशवी मांडीवर ठेवली. उभ्या आयुष्यात इतकं सावकाश त्यांना काही ठेवताना मी पाहिलं नव्हतं. मग दार लावलं.

"काका, दार नाई लागलं," ड्रायव्हर म्हणाला. "जोरात लावा."

काकांनी दार उघडलं आणि परत तसंच लावलं. बोटांनी दाबून, आवाज न करता.

"अवं, जोरात ओढा. रस्त्यात उघडन."

काकांचा हात दारावर होता. तो मागे गेला, थांबला, आणि पुन्हा तितक्याच हळू पुढे आला. तेव्हा पलीकडच्या बाजूने आत बसलेल्या भावाने बहिणीच्या अंगावरून हात टाकून दार अर्धं उघडलं आणि जोरात ओढून घेतलं. आवाज गल्लीच्या टोकापर्यंत गेला.

काच खाली होती. काकूंनी दचकून बाहेर पाहिलं.

"काय पडलं जी?" त्या म्हणाल्या.

काका वाकले, काचेपाशी तोंड नेलं.

"काई नाई पडलं," ते म्हणाले.

काकूंनी मान हलवली, आणि गाडी हिंगणीला निघाली.